भूचुंबकीय रेखांश चुकतोय, सोपी पद्धत सांगा कुणीतरी

माहुलीकर:
नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्टसाठी अलिबाग, हैदराबाद, तिरुनेलवेली अशा आठ-दहा चुंबकीय स्टेशनांचे (वेधशाळांचे) भूचुंबकीय अक्षांश-रेखांश, म्हणजे भूगोलाच्या ध्रुवाऐवजी चुंबकीय ध्रुव धरून मोजलेले, काढायचेत आणि प्रत्येकाला तो लांबलचक फॉर्म्युला कॅल्सीवर मारून मारून वैताग आलाय. अक्षांश ठीक वाटतात, अलिबाग १०.८ आलं. पण रेखांश ३३ येतोय, आणि जुन्या टेबलात १४५ च्या पुढं दिसतो. साताऱ्याचं करून बघितलं तर ३२. दोन रात्री गेल्या यात.

कृष्णाकाठ_सांगली:
अरे ३३ ला १८० मधून वजा कर, १४७ येतंय बघ. साइन इन्व्हर्सला ३३ आणि १४७ सारखेच, कॅल्सी नेहमी छोटा कोन देतं. त्यामुळं रेखांशाला साइन इन्व्हर्स वापरूच नको, एक्सेलमध्ये एटॅन२ घे, ते एक्स आणि वाय दोन्ही घेऊन पूर्ण कोन देतं. फक्त त्यात एक्स आधी आणि वाय नंतर, पायथॉनमध्ये बरोबर उलटं, मी इथंच फसलेलो.
आणि सोपं करायचं म्हणशील तर भूचुंबकीय ध्रुव सगळ्या स्टेशनांना एकच की, २०२० चा ८०.६ उत्तर, ७२.७ पश्चिम. त्याचा साइन ०.९८७ आणि कॉस ०.१६३ एकदाच लिहून ठेव. फरक म्हणजे स्टेशनचा रेखांश अधिक ७२.७ (पश्चिम आहे म्हणून अधिक), साताऱ्याला १४६.७. मग
साइन(चुंबकीय अक्षांश) = ०.९८७ × साइन(अक्षांश) + ०.१६३ × कॉस(अक्षांश) × कॉस(फरक)
वाय = कॉस(अक्षांश) × साइन(फरक)
एक्स = ०.९८७ × कॉस(अक्षांश) × कॉस(फरक) − ०.१६३ × साइन(अक्षांश)
सातारा पावणेदहाच्या आसपास येईल, आमची सांगली नऊच्या जरा आत. रेडियन्स विसरू नको.

कराडचे_मास्तर:
वरचं अगदी बरोबर, फक्त वहीत प्रत्येक आकड्यापुढं साल लिही बाळा. ध्रुव सरकतो, म्हणून आयजीआरएफ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं आंतरराष्ट्रीय मॉडेल) दर पाच वर्षांनी नवीन काढतात, आणि जुन्या टेबलाशी तुझा आकडा थोडा हुकला तर ते चूक नसतं. दुसरं, तिरुनेलवेली घेतलंयस म्हणजे इलेक्ट्रोजेटचा (चुंबकीय विषुववृत्तावर आकाशात उंचावर वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा) विषय असणार. तिथं हे द्विध्रुवी अक्षांश चालत नाहीत, डिप अक्षांश लागतो: डिप कोनाचा (चुंबकीय क्षेत्र आडव्या पातळीशी करतं त्या कोनाचा) टॅन निम्मा कर आणि त्याचा टॅन इन्व्हर्स घे. पृथ्वीच्या मधोमध एकच सरळ चुंबक ठेवलाय असं धरून आपण पहिलं गणित करतो, खरं क्षेत्र तेवढं सरळ नाही.
अलिबाग घेतलंस याचा फार आनंद झाला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम तिकडं हलवलं, त्याआधी कुलाब्यानं १८५९ चं मोठं चुंबकीय वादळ टिपलेलं. एवढी लांब नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे, प्रोजेक्टमध्ये दोन ओळी तरी लिहीच.

माहुलीकर:
आलं! अलिबाग १४६.९, सातारा १४७.९. सर, इलेक्ट्रोजेटच आहे विषय, तिरुनेलवेलीचा डिप अक्षांश आज रात्रीच काढतो. दादा, तुमचा एटॅन२ चा क्रम शीटच्या वरच लाल अक्षरात लिहून ठेवलाय.