गच्चीवर ५०० रुपयांत भाजीपाला: आत्ता सुरुवात करावी की थांबावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात भाड्याने राहतो. घरमालकांनी गच्चीचा १० फूट बाय ८ फुटांचा कोपरा वापरायला दिला आहे; स्लॅबमध्ये ओल मुरू नये, एवढीच त्यांची अट आहे. रोजच्या मेथी-कोथिंबिरीचा खर्च थोडा तरी कमी व्हावा म्हणून ५०० रुपये बाजूला काढले आहेत. पंधरा दिवसांपूर्वी दोन कुंड्यांत धने पेरले, पण एकही उगवला नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असल्यामुळे आणखी काही पेरावे की नाही, याबद्दल मी गोंधळले आहे. एप्रिल संपत आला आहे, तेव्हा कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, थांबावे. कुंडीतली माती इतकी तापलेली असताना धने सहसा उगवत नाहीत आणि उगवलेच तर रोपे जुडी होण्याआधी फुलावर येतात. मे महिना माती तयार करण्यात घालवावा आणि मृगाचा पाऊस पडल्यावर पेरणी करावी.

कुंड्यांवर पैसे घालू नयेत. रंगकाम करणाऱ्यांकडे २० लिटरच्या रिकाम्या बादल्या स्वस्तात मिळतात. त्या स्वच्छ घासून, भोके तळाला न पाडता तळापासून दोन बोटे वर, बाजूला पाडावीत, म्हणजे खाली थोडे पाणी साठून राहते. भरलेली ओली बादली २५ किलोच्या आसपास जाते, म्हणून त्या गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीच्या कडेने विटांवर ठेवाव्यात; त्यामुळे मालकांची अटही पाळली जाईल. आपली काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते, म्हणून ती नुसती भरू नये. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळलेला पाला असे मिश्रण करून ते महिनाभर ओलसर ठेवावे. शेंगा फोडण्याच्या गिरणीतून पोतेभर टरफले आणून वर दोन बोटांचा थर दिला, तर माती लवकर वाळत नाही.

उत्तर २

पाण्याबाबत माझी चूक सांगतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी एक अख्खा उन्हाळा पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घातले. मातीवर पांढरा थर चढला, मेथीच्या पानांच्या कडा करपल्या आणि मी मात्र खत कमी पडले असे समजून आणखी खत घालत राहिलो. त्या पाण्यात क्षार जास्त असतात. बोअरचे पाणी जड असेल तरी असेच होते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे पालेभाजीला नको. नळाचे पाणी पिंपात साठवल्यास वर घट्ट कापड बांधावे, नाहीतर भाजीआधी डासच पिकतील.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण हिशेबाचे कोणी बोलले नाही. एका बादलीत मेथीची जेमतेम एक जुडी निघते आणि तिला २५ ते ३० दिवस लागतात, त्यामुळे चार माणसांची रोजची पालेभाजी एवढ्या जागेत भागणार नाही. पुन्हापुन्हा तोडता येईल असे लावावे: मिरचीची दोन-तीन रोपे, एक कढीपत्ता आणि कठड्यावर जुन्या दोरीने चढवलेला दोडका. मेथीचे दाणे घरच्या डब्यातलेच पेरावेत. धने मात्र अख्खे न पेरता लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि हवा थंडावल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात, पेरावेत. आत्ता हात शिवशिवत असतील, तर जुन्या सुती साडीच्या सावलीत तांदुळजा टाकून पाहावा. तो ऊन सोसतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आभारी आहे. आमच्या घरीही तसेच यंत्र आहे आणि धन्यांना मी त्याच नळीचे पाणी घालत होते. ते आजपासून बंद करते. सध्या तीन बादल्या आणि शेणखत एवढेच आणते.