आयबीच्या प्रमुखांनी दरवर्षी भाषण करावं म्हणे!

कॅम्पातला_वकील

कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. तिथलं म्हणणं असं: ब्रिटनच्या एमआय-फाइव्ह या देशांतर्गत गुप्तचर संस्थेचा प्रमुख दरवर्षी लोकांसमोर येऊन दहशतवादाविरुद्ध काय केलं ते सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं मार्च २०१७ पासून शेवटच्या टप्प्यातले ४३ कट उधळल्याचं सांगितलं. आमची आयबी, म्हणजे केंद्राची तशीच गुप्तचर संस्था, मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसते, म्हणून बेळगावात अफवा पिकतात.

अहो, भाषण हे शेंडा झालं. बूड बघा. १९८९ मध्ये तिथं या संस्थेसाठी कायदा झाला. त्यानंतर प्रमुखाचं नाव पहिल्यांदा जाहीर झालं, स्टेला रिमिंग्टन. १९९३ मध्ये माहितीपुस्तिका निघाली आणि १९९४ च्या कायद्यानं संसद सदस्यांची देखरेख समिती आली. आपल्याकडे आयबी १८८७ पासून आहे, पण तिच्यासाठी संसदेचा कायदा आजही नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ खाली ती बाहेर. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा. खासदार मनीष तिवारींनी २०११ मध्ये तशा कायद्यासाठी खासगी विधेयक आणलं, तेही बारगळलं. अशा संस्थेच्या हातात माईक दिला तर ४३ कट खरे की ३, हे मोजणार कोण?

आणि देखरेख असूनही काय होतं ते मँचेस्टरमध्ये दिसलं. २०१७ च्या स्फोटात २२ जण गेले. चौकशीत संस्थेनं मांडलेली अधिकृत बाजू आणि प्रत्यक्ष फाईल हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांची साक्ष जुळली नाही. २०२३ च्या अहवालात ते स्वच्छ लिहिलंय.

कोगनोळी_नाका

ती पोस्ट माझीच. वकीलसाहेब, तुम्ही तुमच्याच पायावर धोंडा मारून घेतलात. अधिकृत बाजू खोटी पडली हे कळलं कशामुळे? बाजू मांडली होती म्हणून! २०२५ मध्ये त्यांच्याच हायकोर्टानं एका खबऱ्याच्या प्रकरणात एमआय-फाइव्हनं चुकीची माहिती दिल्याचा ठपका ठेवला. तोही संस्था नोंदीवर बोलली म्हणूनच. जो बोलतच नाही त्याला खोटं पाडणार कसं?

आता आपलं बघा. पेपरात "सीमेवर हाय अलर्ट". कोणी जाहीर केला? आयबीनं, राज्य गुप्तवार्ता विभागानं, की वार्ताहरानं? मागे घेतला कधी? तिकडे धोक्याची पातळी १ ऑगस्ट २००६ पासून जाहीर होते. पाच पायऱ्या आहेत, आणि पातळी मंत्री ठरवत नाहीत, दहशतवाद विश्लेषण केंद्र ठरवतं. मँचेस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २३ मे रोजी, ती सर्वांत वर नेली आणि २७ ला पायरीभर खाली आणली. चढली तशी उतरलीही.

गणेशपूर_गल्ली

पायऱ्यांचं कौतुक अमेरिकेला विचारा. २००२ मध्ये धोक्याच्या पातळीसाठी पाच रंग काढले. देशभरासाठीची पातळी मधल्या पिवळ्याच्या खाली कधी आलीच नाही. कोण खाली आणणार? उद्या काही झालं तर मान त्याचीच. रोज पिवळं बघून लोक बघेनासे झाले आणि २०११ मध्ये ते गुंडाळलं. नंतरच्या पद्धतीत प्रत्येक इशाऱ्यावर मुदत संपायची तारीख घातली. मुदत सरली की इशारा आपोआप उतरतो, चालू ठेवायचा तर नवीन काढावा लागतो. तुमच्या सगळ्या भाषणापेक्षा ही एक तारीख मोलाची.

खानापूर_तालुका

तारीख घाला की, पण वाचणार कोण? भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या म्हणून आदेश निघतात. फोटो, आधारची प्रत, मूळ पत्ता, काम कुठं. फलक निव्वळ कन्नडात. न पाळलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. खोल्या भाड्यानं देणाऱ्या म्हातारीला कळायचं कसं ओ? १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात आहे, भाषक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात.

चिक्कोडी_पेठ

आला! दहशतवादाच्या धाग्यात सीमाप्रश्न आला नसता तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. १९५६ चं निवेदन म्हणजे कायदा नव्हे, ते धरून कोणावर खटला चालत नाही. राज्याची राजभाषा कन्नड आहे. २०२४ च्या दुरुस्तीनं नामफलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलंय, ठाऊक असेल.

खानापूर_तालुका

ठाऊक आहे की. ६० टक्के म्हणजे ४० टक्के जागा उरली! हा अस्मितेचा मुद्दा नव्हे, मालक. परका माणूस गल्लीत राहायला आला हे पहिलं कळतं घरमालकाला. तुम्ही त्याच्याशी त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणार आणि वर दिल्लीच्या साहेबानं भाषण करावं म्हणून भांडणार.

चिक्कोडी_पेठ

निम्मं खानापूर कन्नड वाचतं, उगाच म्हातारीला पुढं करू नका. मतांसाठी भाषा काढणारे पुढारी आणि तुम्ही यात फरक काय?

खानापूर_तालुका

पुढाऱ्यांचं नाव मी काढलं नाही, तुम्ही काढलं. उरलेल्या निम्म्यांचं काय ते सांगा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या खासदाराला बेळगावात प्रवेशबंदीचा आदेश निघाला, तो मात्र सगळ्यांना सगळ्या भाषांत कळला.

कॅम्पातला_वकील

भांडा, पण मुद्द्यावर. असे आदेश जुन्या १४४ खाली, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, आणि त्यांची मुदत दोन महिने. राज्य सरकारनं वाढवली तरच पुढे, तीही जास्तीत जास्त सहा महिने. गल्लीतला फ्लेक्स वर्षभर लटकतो, तो भाग वेगळा. गणेशपूरकरांची ती तारीख आपल्या कायद्यात आधीच आहे, फलकावर लिहीत नाहीत इतकंच.

दुसरं, आयबीला अटकेचा अधिकार नाही, एमआय-फाइव्हलाही नाही. लोकांशी बोलायचं काम पोलिसांचं. पोलिसांनी पत्रकारांना कधी माहिती द्यायची याचे टप्पे गृह मंत्रालयाच्या २०१० च्या सूचनेत दिलेत: गुन्हा नोंद, अटक, आरोपपत्र, निकाल. मंगळुरूत १९ नोव्हेंबर २०२२ ला रिक्षात कुकर फुटला. दुसऱ्याच दिवशी पोलीस महासंचालकांनी हा अपघात नसून दहशतवादी कृत्य आहे असं जाहीर सांगितलं. दोन-तीन ओळींत काम झालं. भाषण लागलं नाही.

कोगनोळी_नाका

ते स्फोट झाल्यावर! मी आधीचं विचारतोय. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये नाका एकच, राज्यं दोन. खबरेची कागदोपत्री वाट बहु-संस्था केंद्राच्या, म्हणजे सगळ्या यंत्रणांची गुप्त माहिती एकत्र करणाऱ्या केंद्राच्या, मुंबई आणि बेंगळुरूच्या शाखांतून जाते. २६/११ नंतर ही व्यवस्था नव्यानं बांधली. ती चालते का, हे वर्षातून एकदा तरी कोणी सांगायचं की नाही?

कॅम्पातला_वकील

सांगावं. लेखी, संसदेला, कायदा करून. त्यावर समिती बसवा, मग हवं तर तुमच्या साहेबांना शालही घाला.

कोगनोळी_नाका

म्हणजे बोलायचं हे कबूल, फक्त कागदावर. एवढंच वदवून घ्यायला तुम्ही अख्खा धागा काढायला लावलात!

गणेशपूर_गल्ली

खानापूरकर, तुमच्या फलकावर आदेश क्रमांक आणि तारीख आहे का? फोटो टाका. मुदत संपली असेल तर त्याखाली कारवाई टिकत नाही. चालू असेल तर त्याच कलम १६३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे आदेशात बदल मागता येतो, बाधित माणसाला तो हक्क आहे. मराठी मजकूर जोडा म्हणून अर्ज करा.

खानापूर_तालुका

क्रमांक आहे, तारखेवर नेमका खिळा मारलाय. अर्ज करतो. कुठल्या भाषेत करू, चिक्कोडीकर?

चिक्कोडी_पेठ

कन्नडात करा, लवकर वाचतील. मसुदा मी लिहून देतो, पण ते ४० टक्क्यांचं गणित त्यात घालू नका.