सहा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायचंय, अभ्यासक्रम कोणता घ्यावा?

चिपळूणची_आई

नमस्कार. लेक जूनमध्ये सहा पूर्ण करेल. तिला पहिलीत न घालता घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. नवऱ्याला लोट्याच्या एमआयडीसीत पाळ्या असतात, मी घरून जीएसटीची कामं करते. सकाळचे दीड-दोन तास आणि संध्याकाळ मला मोकळी मिळते. सासूबाईंचा विरोध नाही, पण "दहावीचं काय करणार?" हे रोज विचारतात.

एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी परदेशी अभ्यासक्रमाचा संच सुचवलाय. सगळं इंग्रजीत, वर्षाला ४५ हजार. आमच्या घरात तर सगळा कारभार मराठीत. कुणी सीबीएसईची पुस्तकं घ्या म्हणतं, कुणी बालभारतीची. लेक कमळ, बदक असे साधे शब्द वाचते, काना-मात्रा आला की अडते. आकडे शंभरपर्यंत म्हणते, पण नुसतं घडाघडा. सुरुवात कुठून करू?

कऱ्हाकाठ

ताई, ते ४५ हजार आधी बाजूला ठेवा. माझी दोन्ही मुलं सासवडजवळ घरीच शिकताहेत, थोरला आता तेरा वर्षांचा आहे. अभ्यासक्रम निवडताना मी एवढंच बघते की तो आपल्या घराच्या दिवसात बसतो का. तुमच्याकडे सकाळचे दीड-दोन तास आहेत, पाळ्या आहेत, आजी आहे आणि मराठी आहे. त्या संचाला तुम्ही रोज चार तास समोर बसायला हव्यात, आणि आजीला त्यातलं काहीच वाचून दाखवता येणार नाही. एवढ्यावरूनच मी तो नाकारला असता.

बालभारतीची पुस्तकं कणा म्हणून घ्या. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, पण छापील प्रत घ्याच, मुलांना पान उलटायला लागतं. पानामागून पान पुरं करायचा हट्ट मात्र नको. पुस्तक महिन्यातून एकदा चाळायचं आणि काय राहिलंय ते बघायचं.

वाचनाचं सांगते. धाकटी वाणसामानाच्या यादीवर वाचायला शिकली. पहिले काही दिवस मी यादीत फक्त कान्याचेच जिन्नस लिहायचे: चहा, साखर, गाजर, साबण, बटाटा. दुकानात ती वाचणार, मी पिशवीत टाकणार. काना पक्का झाला मग वेलांटी आली: मिरची, भाजी, इलायची. एका वेळी एकच चिन्ह, आणि शब्द रोजच्या वापरातला. रोमन लिपी देवनागरी सुरळीत झाल्यावर. तोवर इंग्रजी गाणी-गोष्टी कानावर पडू देत, त्यात काही बिघडत नाही.

गणितात घाई करू नका. थोरला "एकोणसत्तर" ऐकलं की ७९ लिहायचा, कारण कानात सत्तर राहायचं. ही अडचण घरोघरची आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशीही वाचनाची पद्धत दिली, त्यावर राज्यभर केवढं वादळ उठलं होतं! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. मला ते पटलं. काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे. सहा गठ्ठे, नऊ सुट्या: साठ नऊ. वर आणखी एक काडी ठेवली की सातवा गठ्ठा होतो, म्हणून ही एकोणसत्तर. आधी हाताने कळलं की नाव आपोआप बसतं.

महागड्या साहित्याशिवाय शिकवता येत नाही असं कुणी म्हणालं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं ते वाचा. शंख-शिंपले, बिया, पानं यांवर त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी उभी केली. तुमच्या तर परसातच सगळं आहे.

निवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्या.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, मात्र तसं न केल्यास पालकांना दंड सांगितलेला नाही. घरच्या शिक्षणावर कायद्यात वेगळी तरतूद नाही. हे माहीत असूनच पाऊल टाका. त्याच कायद्याचं कलम ४ तुमच्या उपयोगाचं: सहाच्या पुढचं मूल कधी शाळेत गेलंच नसेल, तरी वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे उद्या घरी जमलं नाही, तर तिसरीत किंवा पाचवीत थेट बसवता येईल.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि मराठी माध्यमही आहे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, शिवाय राज्य मंडळाला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव, स्पेलिंगसकट, आत्ताच जुळवून ठेवा. ऐन वेळी त्याच कामाला हेलपाटे पडतात.

पाटणकर_बाबा

एक विचारतो, तिच्या बरोबरीची मुलं आसपास आहेत का? आमचा एकुलता एक, घरीच शिकणारा. त्याला रोज संध्याकाळी मैदानावर नेणं हे आमच्या वेळापत्रकातलं सगळ्यात न चुकणारं काम आहे. पुस्तक एक दिवस राहिलं तरी चालतं.

चिपळूणची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीत पाच-सहा मुलं आहेत, पाच वाजता शाळेतून येतात, मग अंगणात लगोरी चालते. ती वेळ मी अभ्यासाला घेणार नाही. गुरुजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी "१७ नंबर" हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. परदेशी संचवाल्यांना आज "नको" म्हणून कळवलं.

कऱ्हाकाठ ताई, उकाराचे जिन्नस सुचवाल का? गूळ सोडून मला काही सुचेना.

कऱ्हाकाठ

तूप, मूग, खजूर, काजू, तांदूळ, कापूर. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आत्ता नका सांगू, नुसतं वाचू दे. आणि यादी तिलाच लिहू द्या, अक्षर कसंही येवो.