मदत हवी आहे: ४एस (अणूतलं इलेक्ट्रॉनचं एक उपकवच) आधी भरतं, मग रिकामंही तेच आधी का होतं?

अकरावीच्या केमिस्ट्रीत अडकलोय. पोटॅशियमचा (अणुक्रमांक १९) शेवटचा इलेक्ट्रॉन ३डी हे उपकवच सोडून ४एसमध्ये जातो, एन प्लस एल (कवचाचा क्रमांक अधिक उपकवचाचा क्रमांक, बेरीज कमी ते आधी भरतं) काढलं की ३डीचे ५ आणि ४एसचे ४, इथपर्यंत पटलं. पण लोहात (२६) ३डीमध्ये ६ आणि ४एसमध्ये २ असतात आणि त्याचा २+ आयन होताना ४एसमधलेच दोन्ही जातात, ३डी तसंच राहतं! शेवटी आलेला आधी जायला हवा ना? अर्धं भरलेलं ३डी (१० पैकी ५ इलेक्ट्रॉन) स्थिर असतं असं क्लासमध्ये सांगितलं, पण ते फार तर ३+ ला लागू होईल, २+ ला कसं? क्वांटमचं गणित अजून झालेलं नाही त्यामुळे समीकरणं नकोत, आणि पाठ करून टाक असंही नको प्लीज, खरंच समजून घ्यायचंय. अणुकेंद्रकातले प्रोटॉन वाढले की ३डीची ऊर्जा ४एसच्या खाली जाते का, आणि जात असेल तर नक्की कुठल्या मूलद्रव्यापासून?