मेलबर्नच्या उपनगरांतील जुनी फुटबॉल संघटना मागे का पडली?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची (हातांचाही वापर होणारा, सॉकरहून वेगळा खेळ) १८७७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन अधिक जुनी असूनही व्हिक्टोरियन फुटबॉल लीग तिच्या पुढे कशी गेली? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : मूळ कारण १८९६ ची फूट. कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय यांच्यासह आठ क्लब बाहेर पडले आणि १८९७ पासून त्यांनी स्वतंत्र लीग खेळवली. गर्दी खेचणारे संघच गेल्याने तिकिटांचे उत्पन्नही त्यांच्यामागे गेले. १९२५ मध्ये फुटस्क्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न यांनीही तीच वाट धरली.

प्रतिसाद २ : तरीही असोसिएशन हातावर हात ठेवून बसली नाही, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. १९३८ साली तिने चेंडू दोन्ही हातांनी, खांद्याच्या उंचीखालून फेकण्यास मुभा दिली आणि खेळ विलक्षण वेगवान झाला. कॉलिंगवूड सोडून विल्यम्सटाउनकडे आलेल्या रॉन टॉड यांनी १९४५ च्या एकाच हंगामात १८८ गोल केले! माझ्या मते तोच तिचा खरा बहराचा काळ होता.

प्रतिसाद ३ : वरील माहितीत रविवारच्या सामन्यांची भर घालतो. लीगचे सामने शनिवारी होत असल्याने १९६० पासून असोसिएशनने रविवार निवडला, आणि पोर्ट मेलबर्नसारख्या उपनगरी मैदानांना हक्काचा प्रेक्षक मिळाला.