खारेपाटणला खरंच बंदर होतं का? विजयदुर्ग खाडीबद्दल प्रश्न

हायवेवाला: मंडळी, मुंबई-गोवा हायवेने गावी जाताना खारेपाटणचा पूल लागतो. खाली नदी दिसते ती मे महिन्यात अगदीच बारकी. तिथल्या एका काकांनी सांगितलं की पूर्वी इथपर्यंत परदेशी जहाजं यायची. समुद्र तर तिथून चाळीसेक किलोमीटर लांब, मग जहाजं आली कशी??

देवगडकर: काका बरोबर सांगतायत. भरतीचं पाणी विजयदुर्गपासून आत आत येत पार खारेपाटणपर्यंत चढतं. नदी गगनबावड्याकडच्या डोंगरातून उतरते, खारेपाटणला तिला शुक नदी म्हणतात, खाली वाघोटन नदी आणि मुखाशी विजयदुर्गची खाडी. दोन्हीकडे जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ माळ) आणि मधे बुडालेली दरी, म्हणून खाडी एवढी लांब आणि वळणावळणाची झालीये. उत्तरेला राजापूर तालुका, दक्षिणेला देवगड, त्यामुळे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाल्यापासून ही खाडी जिल्ह्याची हद्दपण आहे.

जुनी_पानं: बंदराचा लेखी पुरावाच आहे ना! खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला, शके ९३० म्हणजे इ.स. १००८ चा. त्यात देवळाला दिलेल्या दानात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण (तेव्हाचं सोन्याचं नाणं) द्यायचा असं लिहिलंय, चेमुल्य (आपलं चौल) आणि चंद्रपूर (गोव्यातलं चांदर) इथल्या जहाजांना मात्र सूट. हजार वर्षांपूर्वीचा जकातीचा नियम वाचायला मिळतो, मला तर याचं फार अप्रूप वाटतं. आणि हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापला बाळशास्त्री जांभेकरांनी, 'दर्पण'वाले, ते पोंभुर्ल्याचे, म्हणजे देवगड तालुक्यातलेच! शाळेत त्यांचं वर्तमानपत्र शिकवतात पण हे काम कुणी सांगत नाही.

हायवेवाला: भारीच! मग बंदर बंद का पडलं?

देवगडकर: गाळ. डोंगरउतारावरची माती पावसात वाहून येते आणि भरतीच्या टोकाला जिथे पाणी मंदावतं तिथेच बसते, त्यामुळे मोठी गलबतं हळूहळू खालीच थांबायला लागली. मग वाघोटन बंदर चालायचं, फोंडा घाटातून बैलगाड्यांनी उतरलेला घाटावरचा माल तिथे होड्यांत चढायचा. खारेपाटणच्या बाजारपेठेत अजूनही पावसाळ्यात पुराचं पाणी शिरतं, वरून लोंढा आणि खालून उधाणाची भरती एकदम आली की पाण्याला जायला वाटच राहत नाही.

जुनी_पानं: पुढच्या वेळी हायवेवरून सरळ निघून जाऊ नका, तरळ्याला वळून विजयदुर्ग रस्ता धरा, वाटेत वाघोटन लागतं. १७५६ ला इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला ते सगळ्यांना माहीत असतं, पण जवळच गिर्येला कातळात खोदलेली आंग्र्यांची गोदी आहे तिकडे फार कमी लोक जातात. ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हाच नीट दिसते.