विहिरीच्या खडकातील छिद्रे खाली मोठी का होत जातात, आणि त्यांतून पाणी मिळते का?

बोरीकाठ (पारोळा तालुका):
नमस्कार. आमच्या शेतात विहिरीचे खोदकाम सुरू असून मुरूम संपल्यावर लागलेल्या काळ्या खडकात एक क्रम स्पष्ट दिसतो. माथ्याला ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक, दाट छिद्रे आहेत. खाली जावे तसतशी ती विरळ पण मोठी होतात, काही तर लिंबाएवढी असून त्यांत पांढऱ्या गारगोट्या बसलेल्या आहेत. त्याखाली अखंड पाषाण आहे, आणि अगदी तळाशी, लाल गेरूचा थर लागण्यापूर्वी, बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, ज्यांची वरची टोके एकाच दिशेला वाकलेली आहेत. खोदणारी मंडळी म्हणतात की हा मांजऱ्या (छिद्रांचा खडक) आहे, छिद्रे आहेत म्हणजे पाणी लागणारच. हा क्रम कसा तयार झाला आणि पाण्याचा हा भरवसा कितपत खरा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भूशास्त्र शिक्षक, अमळनेर:
भाऊ, आपले निरीक्षण उत्तम आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा एक संपूर्ण थर आपण माथ्यापासून तळापर्यंत पाहत आहात. जमिनीखाली दाब जास्त असल्याने पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड हे वायू रसात विरघळलेले असतात. रस वर येताना दाब घटतो आणि वायूला बाहेर पडावे लागते. मात्र बुडबुड्याचा जन्म सोपा नसतो. पृष्ठताणामुळे अवघ्या १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या बुडबुड्याला बाहेरच्यापेक्षा सुमारे ७ वातावरणे जादा दाब सोसावा लागतो, म्हणून तो बहुधा रसात आधीच तयार झालेल्या स्फटिकांच्या आधाराने जन्मतो. एकदा तगला की भोवतालचा वायू त्यात शिरत राहतो, आणि दाब उतरेल तसा तो फुगतोही.

आपल्या क्रमाचे खरे कारण यानंतरचे आहे. दोन सारखे बुडबुडे एकत्र आले तर व्यास सुमारे २६ टक्क्यांनीच वाढतो, पण वर चढण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो. मग मोठा बुडबुडा वाटेतल्या लहानांना गाठतो, मधला रसाचा पापुद्रा पातळ होत फुटतो आणि तो आणखी मोठा होतो. माथ्याची साय लगेच गोठल्याने तिथले बुडबुडे लहानपणीच अडकले. त्याखालचा भाग सावकाश थिजला, त्यामुळे तिथे एकत्र येण्यास सवड मिळाली. मधल्या भागातून बहुतेक बुडबुडे निघून गेले. तळाशी मात्र रस खालून वर गोठत गेला आणि त्या सरकत्या सीमेला चिकटून वाढलेल्या बुडबुड्यांच्या नळ्या झाल्या. त्या सहसा प्रवाहाच्या दिशेला वाकतात. बांधकामापूर्वी होकायंत्राने ती दिशा नोंदवून ठेवावी, ही विनंती.

ओतकाम, धुळे:
ॲल्युमिनियमच्या ओतकामात आम्ही याच्याशी रोज झगडतो, फक्त आमचा वायू हायड्रोजन असतो. ६६० अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळण्याच्या तापमानाला, द्रवरूप ॲल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन विरघळतो त्याच्या सुमारे विसावा भागच घनरूपात राहू शकतो. उरलेला गोठताना बाहेर पडतो आणि यंत्रावर फिरवलेल्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात. मूळ दोष बहुधा ओलाव्याचा असतो. पावसाळ्यात दमट भंगार किंवा न तापवलेले पळे वापरले की तक्रारी वाढतात. उपाय म्हणून आम्ही रसात नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतो; त्याच्या बुडबुड्यांत हायड्रोजन शिरतो आणि त्यांच्यासोबत वर निघून जातो.

पदार्थविज्ञान, जळगाव:
पूर्ण घन पदार्थातही हे घडते, आणि पाण्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. अणुभट्टीतील युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्यांत विखंडनातून (अणू फुटण्यातून) झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू तयार होतात. ते घनात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यामुळे कणांच्या सीमांवर त्यांचे बुडबुडे साचतात. बुडबुडे सुटे असेपर्यंत वायू आतच कोंडलेला राहतो. ते एकमेकांना जोडले गेले की बोगदे तयार होतात आणि वायू गोळीबाहेर पडतो. पदार्थ किती पोकळ आहे यापेक्षा पोकळ्या जोडलेल्या आहेत की नाहीत, हेच तिथे निर्णायक ठरते.

बोरीकाठ:
सर्वांचे आभार. मग आमच्या मांजऱ्याला पाणी लागेल, असे समजावे का?

भूशास्त्र शिक्षक, अमळनेर:
केवळ छिद्रांवरून तसे समजू नये. आपली मोठी छिद्रे गारगोट्यांनी भरलेली आहेत. म्हणजे कधीकाळी तिथून पाणी फिरले आणि त्यानेच झिओलाइट व कॅल्साइट ही खनिजे आणून वाटा बुजवल्या. बारीक छिद्रे तर बहुतांशी सुटीच आहेत. पाणी मिळते ते थर जिथे कुजून मऊ झाला आहे, आडव्या भेगा पडल्या आहेत किंवा दोन थरांचा सांधा उघडा आहे तिथून. उपळाई (पाण्याचा पाझर) कुठे दिसते ते आधी पाहावे. ती भेगेतून येत असेल तर आणखी खोल जाण्यापूर्वी त्या पातळीवर आडवी बोअर घेण्याचा विचार करावा. भिंत कोरडी आणि गारगोट्यांनी गच्च असेल, तर छिद्रांच्या भरवशावर सुरुंगाचा खर्च वाढवू नये.